खडकावर लोळून म्हणायचं गाणं

आमच्या देऊळघाटला सरकारच्या प्रसिद्धीची गाडी वर्षातून दोन-तीनदा यायची. बुलढाण्याहून निघून ती शाळेपुढच्या मोकळ्या जागेत थांबायची, दोन बांबू रोवून पडदा ताणला जायचा आणि अंधार पडला की सिनेमा सुरू. सिनेमा म्हणजे देवीची लस, कपाशीवरची बोंडअळी, उकिरडा गावाबाहेर कसा न्यावा. प्रत्येक रीळ आम्ही इतक्या वेळा पाहिलं होतं की पडद्यावरच्या माणसाआधी गावच बोलायचं.

मी सांगते ती संध्याकाळ थंडीच्या सुरुवातीची. कापसाचा पहिला वेचा घरात आला होता. मी सातवीत होते. बोंडअळीचं रीळ मागच्या गावात तुटलं, म्हणून गाडीवाल्यानं कचेरीतल्या साहेबाकडून मिळालेलं एक परदेशी रीळ आणलं होतं. त्यावर फक्त एवढंच लिहिलेलं, की एका गवयाची हकिकत आहे. बोलणं सगळं इंग्रजीत. गाडीवाल्यानं भोंग्यात बोलायची डबी आमच्या गुरुजींच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्ही समजावून सांगा." गुरुजी आम्हाला सातवीला इंग्रजी शिकवत. गावात त्यांच्याइतकं इंग्रजी दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि त्यांना किती येतं हे तपासणाराही कुणी नव्हता.

त्या सिनेमाचं पुढे काय झालं हे सांगण्याआधी आमच्या घरचं सांगायला हवं, नाहीतर माय त्या दिवशी पहिल्या ओळीत का बसली ते कळणार नाही.

आमचा भाजीपाल्याचा मळा. बाबा मोट हाकायचे आणि माझा मोठा भाऊ, दादा, वाफ्यांत पाणी फिरवायचा. पाणी फिरवताना तो गायचा. सिनेमातलं, भजनातलं, तमाशातलं, जे कानावर पडलं ते. घर मळ्यातच, आणि मायची चूल मागच्या भिंतीशी. तिथून काही दिसत नसे. पण आवाज कुठून येतो यावरून पाणी वांग्यात आहे की मिरचीत, हे मायला बरोबर कळायचं. आवाज सांबारच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यांत आला की शेवटचे दोन वाफे राहिले. ती पीठ मळायला घ्यायची. बापलेक हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली भाकर तव्यावरून उतरलेली असायची. कुणी कुणाला हाक मारलेली मला आठवत नाही.

मग एका लग्नात खामगावकडची एक बॅण्ड पार्टी आली. त्यांचा गाणारा आजारी पडला होता. दादा उभा राहिला, दोन गाणी म्हणाला, आणि वरात संपेस्तोवर त्यांचाच झाला. आठवड्याभरात त्यानं घरी सांगितलं, मी त्यांच्यासंग चाललो.

बाबा ओरडले नाहीत. ते मोटेचा सोल, म्हणजे दोर, तपासत होते. म्हणाले, "लगनात बॅण्ड लावनारे लोक आपन. वाजवनारे नाही."

दादा म्हणाला, "मी वाजवत नाही, बाबा. म्हनतो."

"तेच ते. गानं सोडून येशीन तं ये. नाही तं तुहं तू पाह्य."

दादा गेला. दोन कार्डं आली, मग तीही थांबली. घरात त्याचं नाव निघेनासं झालं. माय चुलीपाशी बसून मध्येच मला म्हणायची, "जाय वो, पाहून ये, पानी कुठवर आलं." मी पळत जायची आणि पाहून यायची. सांगितल्यावर ती मान हलवायची. भाकरी तेव्हापासून कधी लवकर व्हायच्या, कधी उशिरा.

म्हणून गवयाची हकिकत आहे म्हटल्यावर माय गोणपाट घेऊन सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. तिच्याशेजारी आमच्या कुडापलीकडच्या चाची. बाबा मागे, पुरुषांत.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच चित्राला सगळं गाव हललं. पडद्यावर पऱ्हाटी होती! फुटलेल्या बोंडांची, आडवी-उभी पसरलेली, आमच्यासारखीच. बायका पाठीमागे लांबलचक गोणी ओढत कापूस वेचत होत्या.

"बापा! अमेरिकेतबी वेचाच लागते काय?"

"गोनी ओढत काऊन नेऊन राह्यल्या? ओटी बांधाव ना कमरेले."

"अन् कचरा किती घेते पाहा ते. कोन घेईन असा कापूस?"

गुरुजी भोंग्यातून म्हणाले, "शांत बसा. ही त्या गवयाची आई आहे. हा गरीब घरचा मुलगा होता." माय थोडी पुढे सरकली.

पुढे मुलगा मोठा झाला, ट्रकात बसून शहरात गेला आणि गिटार घेऊन गायला लागला. पडद्यावरचा माणूस घडीघडी रॉक अँड रोल, रॉक अँड रोल म्हणत होता. गुरुजींनी थोडा विचार केला. मग शाळेत फळ्यावर शब्द फोडून सांगत, तसा फोडून सांगितला. "रॉक म्हणजे खडक. रोल म्हणजे लोळणे. तेव्हा हे खडकावर लोळून म्हणायचं गाणं आहे."

मागून कुणीतरी विचारलं, "मंग अंगाले लागत नाही काय बे?"

"सवय असन त्याले."

हसू आवरेपर्यंत तो गवई खरोखरच स्टेजवर गुडघे टेकून पडला, पाठीवर गेला आणि पडल्या पडल्या गायला लागला. आता गुरुजींवर शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. उलट पुढे तो उभा राहून गायला लागला की पोरं ओरडायची, "लोळ ना बे!" आणि सगळे वाट पाहू लागले ती खडकाची. लोळणं तर दिसलं. खडक कधी दाखवतात?

माय मात्र हसत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. मोठमोठ्या गाड्या आल्या, किंचाळणाऱ्या पोरी आल्या, पोलीस आले. मध्येच एकदा लाकडी ओसरीवर उभी असलेली त्याची आई दाखवली. ती हात कपाळाशी धरून रस्त्याकडे पाहत होती. त्या वेळी इंग्रजी आवाज एकदम हळू झाला. गुरुजींनी कान टवकारले, पण सांगितलं काही नाही.

"सांगा ना गुरुजी!" लोक म्हणाले.

तेवढ्यात चित्र बदललं. हिरवं गवत, त्यात उभा केलेला एक घडीव दगड, दगडावर अक्षरं. तो गवई काळ्या कोटात आला, वाकला आणि त्यानं दगडापाशी फुलं ठेवली.

"आला, आला! खडक आला!"

गुरुजी आता सावरले होते. "खडक नाही तो. कोनशिला आहे. त्यानं गावी परत येऊन आईसाठी घर बांधायला घेतलं, त्याची ही कोनशिला."

कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्याकडे जिकडेतिकडे कोनशिला बसत होत्या. शाळेची, दवाखान्याची, पंचायतीच्या खोलीची. अक्षरं कोरलेला दगड आणि त्यावर फुलं वाहणारा कोटातला माणूस आम्ही पुष्कळदा पाहिला होता. काही ठिकाणी तर दगडाच्या पुढे काम सरकलंच नव्हतं, त्यामुळे मागे घर दिसत नाही याचंही कुणाला नवल वाटलं नाही.

चाचींनी तेवढा पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, त्यांना थंडी वाजतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होतो. पहाटे माल बुलढाण्याच्या बाजाराला जायचा होता. माय हात न थांबवता बोलली.

"तो तिकडचा, लोळनारा. तो एवढा मोठा झाला, पन मायसाठी आलाच ना घरी."

बाबांनी जुडी बांधली. "हो. पाह्यलं मी."

"घर बांधाले घेतलं त्यानं."

"त्याचा बाप कुठी होता? बाप दाखवलाच नाही."

"बापानंच बलावलं असन," माय म्हणाली. "बलावल्याशिवाय कसा येईन?"

बाबांच्या समोरचा मेथीचा ढीग संपला, त्यांनी दुसरा ओढून घेतला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कार्ड आन."

मी कार्ड आणि दौत घेऊन आले. "काय लिहू?"

"ये म्हन. बाकी काही लिहू नोको."

मी लिहिलं, घरी ये. खामगावच्या त्या बॅण्डच्या पत्त्यावर कार्ड टाकून आले.

दादा आला. संक्रांत होऊन गेली होती. पांढरा सदरा, वाढलेले केस, गालफडं बसलेली. मायनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाबांनी विचारलं, "एसटीनं आला काय?" तो हो म्हणाला. बापलेकांचं बोलणं एवढंच झालं, पण संध्याकाळी दोघं एका ताटाला नाही तरी एका ओळीत जेवायला बसले आणि मायनं दोघांना आमटी वाढली.

सकाळी बाबांनी मोट जोडली. दादा न सांगता वाफ्यांत उतरला. माय चुलीपाशी गेली. मी तिच्याजवळ बसून शेंगा सोलत होते, म्हणून मला माहीत आहे. ती पीठ घेऊन बसली आणि थांबली. मोटेचा करकराट येत होता, बैलांना बाबा बोलत होते, पाणी थारोळ्यात पडत होतं. बाकी काही नाही. थोड्या वेळानं ती उठून मागच्या दारात गेली, मग मळ्याच्या बांधापर्यंत गेली.

"पानी कुठवर आलं रे?"

"मिरचीत हाय, माय," दादा म्हणाला.

ती परत आली. पुन्हा गेली. "आता कुठवर आलं?"

"येते ना वांग्यात. काऊन, घाई हाय काय?"

"नाही रे बापा. आपलं इचारलं."

तो पंधरवडाभर राहिला. रोज पाणी फिरवलं, माल बांधला, एकदा बैलगाडी घेऊन बुलढाण्याला गेला. गायला मात्र नाही. बाबांनी जे म्हटलं होतं, ते त्यानं अक्षरशः पाळलं होतं. गाणं सोडून ये, तर गाणं सोडून आला. बाबांना ते कळत होतं, असं मला आता वाटतं. ते मोटेवरून मध्येच वाफ्यांकडे वळून पाहायचे. पण गा, असं त्यांच्या तोंडून निघालं नाही. गाऊ का, असं त्यानं विचारलं नाही. दोघांच्या मध्ये नुसतं पाणी वाहत होतं.

पुढे त्यानं बॅण्डही सोडला आणि मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये लागला. सणासुदीला यायचा. बाबांनी एके दिवशी बाजारातून येताना रेडिओ आणला. आमच्या घरात चहाची नवी बशी आणायची तर चर्चा व्हायची, आणि बाबांनी कुणाला न विचारता रेडिओ आणला. चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि निघून गेले. मायनं एक गाणं उभ्यानं ऐकलं.

"चांगलं म्हनते," ती म्हणाली. "पन हा कुठी उभा राहून म्हनते, ते समजत नाही."

मी अमरावतीला शिकायला गेले त्याच्या आदल्या वर्षी बाबा गेले. अमरावतीला कॉलेजच्या हॉलमध्ये काळे पडदे लावून कधीकधी परदेशी माहितीपट दाखवत. एका दुपारी पडद्यावर पऱ्हाटी आली, गोणी ओढणाऱ्या बायका आल्या, आणि मी खुर्चीत ताठ बसले. तोच सिनेमा. आता मला इंग्रजी कळत होतं. गुडघ्यांवर पडून गाणारा तो, ती ओसरी, तो हळू झालेला आवाज. आवाज सांगत होता की मुलाचं येणं दर वेळी पुढे गेलं, आणि तो आला तेव्हा आई उरली नव्हती. गवतातला दगड तिच्या कबरीवरचा होता.

आजूबाजूच्या मुली पायानं ताल धरत होत्या. मला कधी एकदा बाहेर पडते असं झालं.

त्या सुट्टीत गावी गेले तेव्हा गुरुजी एसटीच्या थांब्यावरच भेटले. निवृत्त झाले होते, नातीला घेऊन उभे होते. इतकी वर्षं मला वाटलं नव्हतं, पण अमरावतीहून येताना सगळ्या रस्त्यानं वाटत आलं होतं, की गुरुजींनी मायला पहिल्या ओळीत बसलेलं पाहिलं आणि मुद्दाम ते कोनशिलेचं सांगितलं. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "गुरुजी, तुम्ही त्या दिवशी कबरीला कोनशिला म्हणालात, त्याचे फार उपकार झाले."

"कबर?" गुरुजी म्हणाले. "कबर होती ती?"

"हो."

"मग तो म्हणत काय होता? लेड म्हणाला ना? आपल्या पुस्तकात धडा होता, पाहुण्यांनी कोनशिला लेड केली, म्हणजे बसवली." त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळ्या गावाला मी चुकीचं सांगितलं की गं."

मी त्यांना म्हटलं, माणूस मातीत ठेवला यालाही इंग्रजीत लेडच म्हणतात, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. ते त्यांना पटलं नाही. मी घरी पोचेपर्यंत ठरवलं होतं, मायला यातलं काही सांगायचं नाही. पण माय माझ्या पिशवीतलं सामान काढता काढता सहज म्हणाली, "मंग, तिकडं सिनेमे पाह्यते काय वो?" आणि मी बोलून गेले.

"माय, तो लोळणारा पुन्हा पाहिला. ती कोनशिला नव्हती गं. त्याची आई गेली होती. ती कबर होती तिची."

"मले माहीत हाय," माय म्हणाली.

तिनं माझं लुगडं झटकून घडी घातली.

"दुसऱ्याच दिवशी सकाळी चाचीनं सांगतलं. कुडावरून. वो घर-बिर कुछ नै बहन, कबर थी उसके माँ की. रडत होती चाची. म्हने, गुरुजीले तिथंच सांगनार होती, पन मी बाजूले बसली होती म्हून नाही बोलली."

"मग दुपारी मेथी बांधताना तू बाबांना..."

"तुह्या बाबाले कुठी माहीत होतं?" ती म्हणाली. "तेवढं पुरं होतं मले. ये म्हनाले त्यायच्या तोंडून. आलाबी तो." मग घडी केलेलं लुगडं तिनं पुन्हा उघडलं, पुन्हा घडी घातली. "मी नुसतं येनं मांगतलं. गानं मांगाचं राह्यलं."

मला असं काही राहून गेलेलं ऐकलं की स्वस्थ बसवत नाही. तेव्हाही बसवलं नाही. सकाळची एसटी धरून मी मलकापूरला गेले. जिनिंगच्या फाटकाशी निरोप दिला. दादा बाहेर आला. भुवयांवर, मिशीवर कापसाचा भुरा.

"काऊन आली वो अशी? माय बरी हाय ना?"

"बरी आहे. दादा, तू घरी आलास की मळ्यात गात का नाहीस?"

तो हसला. "हे इचाराले एसटीनं आली काय तू?"

"हो. मायला ऐकायचंय."

त्यानं मिशीवरचा भुरा पुसला. "बाबानं सोडाले सांगतलं होतं."

"बाबा आता नाहीत, दादा."

"म्हनून तं," तो म्हणाला. "सोड म्हननारे ते होते. आता धर म्हननारं कोन हाय?"

"माय आहे."

"मायनं सोड कधी म्हनलं होतं?"

आतून भोंगा झाला. त्यानं मला फाटकासमोरच्या हॉटेलात नेलं, चहा पाजला, भज्यांची पुडी बांधून दिली आणि एसटीपर्यंत आला. गाणं कोणतं आठवतं का, असं मी विचारलं तर म्हणाला, "सगळेच आठवते. म्हनत नाही तं काय झालं."

संध्याकाळी मी घरी आले. माय ओसरीवरच होती. "काय म्हनला?"

मी जसंच्या तसं सांगितलं. मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही. माय ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बापावर गेला." त्यात राग होता की कौतुक, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग तिनं विचारलं, "आवाज कसा हाय आता त्याचा?"

"थोडा बसलाय. भुऱ्यानं असेल."

"बसलाय म्हंजे कसा? बोलून दाखव."

"माय, मला कसं येईल?"

"येते तसं दाखव. जाता जाता काय म्हनला तो तुले?"

जाता जाता तो जे म्हणाला होता, ते काही सांगण्यासारखं नव्हतं. तरी मी घसा थोडा दाबला आणि त्याच्यासारखं, शेवटचा शब्द ओढून म्हणाले, "खिडकीपाशी बस वो, आत लई धूर येते."

मायनं डोळे मिटले होते. "हळू म्हनलं तू," ती म्हणाली. "एकदा अजून म्हन."